दहा वर्षांचे वचन

दानाला मुदत घालावी, ही कल्पना आपल्याला जराशी रुक्षच वाटते. आपला दाता म्हणजे कर्ण! मागणाऱ्याने तोंड उघडावे आणि त्याने अंगावरची कवचकुंडले उतरवून द्यावीत. पण मुदतीच्या एका दानाची गोष्ट मला अलीकडे कर्णाच्या गोष्टीइतकीच आवडू लागली आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या आणि १८८६ साली अमेरिकेत गेल्या. मायदेशी बालविधवांसाठी शाळा काढायची, हा एकच ध्यास. त्यांची व्याख्याने ऐकून १८८७ साली बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले आणि गावोगाव त्याची लहान मंडळे निघाली. दहा वर्षे दरसाल वर्गणी द्यायची, असे सभासदांचे वचन. मुंबई कोणत्या दिशेला आहे, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होते, कोण जाणे!

माझी आजी रोज भात वैरण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकी. तो कोणाच्या पानात पडतो, याची चौकशी तिने कधी केली नाही. ते बोस्टनचे डॉलर मला तिच्या त्या मुठीचेच सख्खे भाऊ वाटतात.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आले आणि १८९३ साली मोठे वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे कळताच रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांना मी हसणार नाही. परक्याच्या अन्नाबरोबर परक्याचा देवही घरात येईल, ही धास्ती खोटी नव्हती. परंतु विधवेच्या हाती पुस्तक देणारी दारे तेव्हा पुण्यात किती होती, हेही विसरून चालत नाही.

मला मोह पडतो तो पुढच्या भागाचा. दहा वर्षे संपणार, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेला केडगावी जमीन घेतली आणि तिच्यात फळझाडे लावली. डॉलर थांबले की झाडांनी शाळा पोसावी, हा हिशेब! परदेशातून दरसाल पैसा येत असताना विहीर खणायला बसणारी ही बाई कुठल्या मातीची असेल?

पण दुष्काळ काही झाडांसाठी थांबत नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. रमाबाईंनी तरुणपणी आपले आईवडील असेच गमावले होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. अनाथाश्रम झाला, शाळा झाली, चर्च झाले. मुली विणू लागल्या, शिवू लागल्या. रमाबाईंनी केलेल्या बायबलाच्या मराठी भाषांतराचे खिळेही पुढे तिथल्याच हातांनी जुळवले.

मुदत भरल्यावर १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि तिथे नवे असोसिएशन स्थापन झाले. म्हणजे मदत काही संपली नाही. मग मुदतीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग इतकाच, की तिच्यामुळे झाडे लागली. अमर्याद दान घेणाऱ्याला ओंजळ पसरायची सवय लागते. मुदतीचे दान त्याच्या हाती कुदळ देते.

आणि त्या गोदूबाई? १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. ज्या घरातून अनाथ बालिकाश्रमाचा आणि हिंगण्याचा सारा व्याप उभा राहिला, त्या घरच्या त्या गृहिणी. त्यांनी धर्म बदलला नाही. आश्रमासाठी मात्र दारोदार फिरून वर्गण्या गोळा केल्या.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागले, की मी खिडकीतून उगाच डोकावतो. बोस्टनकडच्या कोणा बाईने खर्चातून वाचवलेला एक डॉलर चौपाटीला पोचला आणि तिथून हिंगण्याच्या माळापर्यंत चालत गेला. त्या बाईला हे कधी कळले नसेल. कळायला हवे, अशी तिची अटही नव्हती. अट होती ती फक्त वर्षांची!