आवाज ओळखीचा, पाखरू अनोळखी



आजची नोंद शेतातली नाही, मुंबईतली आहे. मे महिन्याच्या शेवटी बहिणीकडं मुलुंडला गेलो होतो. तिचं बैठं घर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मागं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. परसात शेवगा, अळूचा वाफा आणि चार कोंबड्या. त्यातल्या एकीची नुकतीच पिल्लं निघालेली.

सकाळी चहा घेत बसलो होतो. कोंबडी एकदम ओरडली, पिल्लं तिच्या पंखाखाली गेली. सातभाईंनी कलकलाट मांडला. वर बघितलं तर शेवग्यावर कबुतराएवढं राखाडी पाखरू. छातीवर तांबूस झाक, शेपटीवर आडवे पट्टे.

"दादा, शिकरा! परवाच एक पिल्लू गेलंय," बहीण म्हणाली. मी खडा उचलला.

"मामा, थांब, फोटो काढू दे," भाची म्हणाली. तिनं फोटो मोठा करून दाखवला आणि मी चक्रावलो. शिकऱ्याची चोच आखूड, आकड्यासारखी. याची बरीचशी सरळ, टोकाला जराशी वाकलेली. डोळ्याभोवती पिवळं कडं. पंजाही शिकारी पाखराचा वाटेना.

तेवढ्यात ते उडालं. उडणंही अगदी शिकऱ्यासारखं, चार वेळा पंख मारायचे आणि तरंगायचं. कुंपणापलीकडच्या आंब्यावर बसलं आणि बोललं, "पेर्ते व्हा... पेर्ते व्हा..." दर खेपेला आवाज चढत गेला.

खडा हातातच राहिला. जन्मभर ज्याचा आवाज ऐकत आलो, तो पावशा आज पहिल्यांदा समोर बघितला, आणि त्यालाच मारायला निघालो होतो. परवाचं पिल्लू कुणी नेलं ठाऊक नाही, पण यानं नाही. हा किडे खातो, त्यात इतर पाखरं टाळतात त्या केसाळ अळ्याही खातो. म्हणजे आपलाच माणूस.

सातभाईंचा राग मात्र खरा. पावशाची मादी त्यांच्या घरट्यात अंडं घालते. अंडं त्यांच्यासारखंच निळं. पिल्लू वाढवायचं सातभाईंनी.

भाचीनं विचारलं, "मामा, तो खरंच पेरा म्हणतो?"

मला आमची जुन्नरकडची तीन एकर आठवली. एका वर्षी पावशा ओरडत होता, एक जोराची सर आली, आणि मी सोयाबीन पेरून मोकळा झालो. पुढं पावसानं दडी मारली. बियाणं उगवून करपलं. दुबार पेरणी, पुन्हा तीन बॅगा, पुन्हा उधारी. तेव्हा पाखराला शिव्या दिल्या होत्या.

"नाही गं," मी म्हणालो. "तो मादीला बोलावतो. उन्हाळ्यापासून त्याचं हेच चालू असतं. पेरा, हे आपण ऐकतो."

त्याचा विणीचा हंगाम आणि आपली पेरणीची घाई एकाच वेळेला येते, एवढंच. म्हणून मंडळी, पावशाचा आवाज ऐकून बांधबंदिस्ती उरका, बियाण्याची उगवणक्षमता तपासा. पण चाड्यावर मूठ धरायची ती ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच.

आणि शिकरा दिसला म्हणून खडा उचलण्याआधी एकदा चोच बघा.