बाटलीचा तळ

दुकानातल्या बिअरच्या तळाशी बघण्यासारखं काही नसतं. बारीक गाळण्यांतून निघालेली ती सोनेरी, आरपार आणि माझ्या मते जरा निर्विकार. लीड्सला राहणारा माझा भाचा मागच्या खोलीत बिअर करतो (तिथे १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही). त्याच्या प्रत्येक बाटलीच्या बुडाशी फिकट साका असतो. झाकण ठोकण्याआधी तो प्रत्येकीत किंचित साखर घालतो. उरलंसुरलं यीस्ट ती खातं, फेसापुरता वायू सोडतं आणि निमूट तळाला जाऊन झोपतं.

काही वेगळं दिसलं की मात्र भाच्याची झोप उडते. मग बाटली खिडकीशी तिरकी धरून आम्ही मामा-भाचे आत डोकावतो. हिरवट-तपकिरी कण म्हणजे हॉप्सचा चुरा. कडू, पण निरुपद्रवी. फ्रिजमध्ये चढलेला धुरकटपणा बाहेर ठेवल्यावर विरला, तर प्रथिनं आणि टॅनिन यांची ती थंडीपुरती गट्टी. विरला नाही, तर बशीतल्या चार थेंबांवर आयोडीन टाकायचं. निळं-काळं झालं की समजावं, माल्टमधल्या स्टार्चची साखर व्हायची राहिली. गढूळ पाण्यासाठी आपल्याकडे निवळीची बी माठाला आतून घासत. इंग्लंडात बिअर निवळायला माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ घालतात. ते ऐकून घरातल्या शाकाहाऱ्यांनी भुवया उंचावल्या.

खाली बसलेल्याला फारसं भिऊ नये, नजर बाटलीच्या गळ्याकडे ठेवावी. काचेला चिकटलेलं पांढुरकं कडं, पृष्ठभागावर सुरकुतलेला पापुद्रा, झाकण निघताच छतापर्यंत जाऊ पाहणारा फेस: यातलं काही दिसलं की जिवाणू किंवा रानटी यीस्ट आत शिरल्याचा संशय घ्यावा. बाटल्या भरायच्या नळीत धुताना पडलेला एखादा ओरखडाही त्यांना पुरतो.

या घुसखोरांनी मोठमोठ्यांना छळलं आहे. १८७१ मध्ये लुई पाश्चरने लंडनच्या एका मोठ्या कारखान्यातलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातली भेसळ मालकांना दाखवली. पुढे कोपनहेगनला कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली, तेव्हा संशोधक एमिल ख्रिश्चन हान्सेनने तिच्यातले निरनिराळे यीस्ट वेगळे केले, आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेला शुद्ध वाण तिथे वापरात आला. कंपनीने तो कुलूपबंद न ठेवता इतरांनाही दिला. मला या गोष्टीतलं हे सर्वांत आवडतं.

बव्हेरियात गव्हाची बिअर ओतताना शेवटचा घोट बाटलीत घुसळून साक्यासकट ग्लासात घेतात. भाच्याला ते पटत नाही. तो बोटभर बिअर तळाशी सोडून देतो. ती मी मागून घेतो. तिला पावाची चव असते, ब जीवनसत्त्वही मिळतं. नंतर पोट गुरगुरलं तर खापर जेवणातल्या राजम्यावर फोडतो.