शिवणीतली माया

साडीला माप नसतं. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. माझ्या सासूबाईंची इरकल मी नेसते, माझी मुलगी नेसते. सासूबाई उंच आणि किडकिडीत होत्या. मी ठेंगणी, दोन बाळंतपणांनंतर कमरेत भरलेली. मुलगी माझ्याहून चार बोटं उंच. साडी तीच आणि टोपपदरही तोच. निऱ्या दोन जास्त किंवा दोन कमी, एवढाच काय तो फरक. त्या साडीनं आम्हा तिघींपैकी कुणालाच कधी 'तू माझ्यात बसत नाहीस' असं म्हटलं नाही.

ब्लाऊजचंही तसंच होतं. बेळगावच्या खडेबाजारातून गुळेदगुड्डचा खण आणायचा आणि शिंप्याकडे टाकायचा. देताना एक वाक्य ठरलेलं, 'अण्णा, आत जरा माया जास्त सोडा हं.' शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो. बाई बाळंत झाली, अंगानं सुटली, तर टाका उसवून ब्लाऊज सैल करता यावा म्हणून ती ठेवायची. बाईचं अंग बदलणार, हे त्या शिंप्यानं धरूनच कात्री चालवलेली असायची.

तयार कपड्यात माया नसते. तिथं एस, एम, एल, एक्सएल अशी अक्षरं असतात आणि त्यातलं एक अक्षर आपल्याला व्हायचं असतं. मोठ्या दुकानाच्या ट्रायल रूममधून बाहेर येणाऱ्या मुलींची तोंडं एकदा बघा. 'हा कुर्ता नीट बेतलेला नाही' असं म्हणत एकही बाहेर येत नाही. प्रत्येकीचं म्हणणं एकच, 'मी जाड झालेय.' खरं म्हणजे आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापं बरीच वर्षं परदेशी तक्त्यांवरून घेतलेली होती. भारतीय माणसांच्या अंगाची मापं देशभर फिरून घ्यायचं काम 'निफ्ट' या संस्थेनं 'इंडिया साइज' या नावानं अगदी अलीकडे हाती घेतलं. म्हणजे इतकी वर्षं आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी मापात बसत नव्हतो आणि दोष मात्र आपल्या दंडाला, पोटाला देत होतो.

जाहिरातीचं काम नेमकं इथंच सुरू होतं. औषध विकायचं तर आधी आजार दाखवावा लागतो. माझ्या आईला निपाणीच्या घरात काखेचा रंग काळा असतो ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे, हे जन्मभर कळलं नाही. टाचा भेगाळल्या तर दुखतात म्हणून ती खोबरेल लावायची, कुणी बघेल म्हणून नाही. आता केसांपासून टाचेपर्यंत एक जागा सांगा, जिच्यासाठी बाटली निघालेली नाही!

अर्थात सगळं खापर जाहिरातीवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. रंगाचा सोस आपल्या घरात आधीपासून होता. आपल्या मराठीतच बघा ना: गोरी, उजळ, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. तांदळाची प्रत लावावी तशी आपण मुलींची प्रत लावली. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी टिपण केलं त्यात 'निमगोरी' लिहिलं होतं. आज्जी म्हणाली, 'रंगाचं काय लोणचं घालायचंय? पोरगी बी.ए. झालीया, ते लिहा आधी.' वडिलांनी बी.ए. लिहिलं, पण रंगाच्या खाली.

बाजारानं हे जुनं दुखणं बरोबर ओळखलं. 'फेअर अँड लव्हली' भारतात आली 1975 साली. पुढे घरोघरी टीव्ही आला, 1991 नंतर बाजार खुला झाला, परदेशी चॅनल आले. 1994 साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली आणि त्याच वर्षी ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. आम्ही सगळ्याजणी टीव्हीपुढे टाळ्या वाजवत होतो. आनंद खराच होता. पण त्यानंतरच्या वर्षांत आमच्या तालुक्याच्या गावातसुद्धा गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागल्या. 1996 साली मिस वर्ल्ड स्पर्धा आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूला भरली. विरोध इतका झाला की पोहण्याच्या पोशाखातली फेरी सेशेल्स बेटांवर नेऊन उरकावी लागली. विरोध करणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं होती. काहींना आपली संस्कृती बुडेल ही भीती होती. काही बायकांचं म्हणणं वेगळं होतं की बाईच्या अंगाचा असा बाजार मांडू नका. त्या वेळी मला दोन्ही आवाज एकच वाटले. आज ऐकताना फरक कळतो. पहिल्या आवाजाला बाईनं झाकून राहायला हवं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, तिच्याकडे माल म्हणून बघू नका, एवढंच.

हे सगळं मी लिहायला बसले त्याला कारण घडलं माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीमुळं. पोरगी हुशार, पुण्याला नोकरीला. लग्न ठरलं आणि साखरपुड्याचे फोटो आले. त्यात नवरा मुलगा उजळ आणि ही सावळी. कुणी काही बोललं नव्हतं हं, पण तिच्याच डोळ्यांना ते खुपलं. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून तिनं मेडिकलमधून एक ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. घरात सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात गाल लाल झाले, बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली. ट्यूब बंद केली तर चेहरा उन्हात भाजल्यासारखा आग आग व्हायचा, म्हणून ती परत लावायची.

मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी ट्यूब हातात घेऊन वाचून दाखवली. आत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगासारख्या तक्रारीवर, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे दिवस वापरायचं ते औषध. गोरं व्हायला रोज चोपडायचं क्रीम नव्हे ते. स्टेरॉइडनं कातडी सुरुवातीला उजळ दिसते, पण ती पातळ होत जाते आणि मग सोसायची ताकदच जाते. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 2018 साली सरकारनं नियम कडक केले आहेत. पण गल्लीतल्या दुकानात चिठ्ठी मागतंय कोण? आणि डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या मनात राहिलं. सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त असतं आणि ते उन्हापासून आपल्याला जपतं. म्हणजे जे निसर्गानं छत्री म्हणून दिलं, तेच आपण खरवडून काढत होतो.

त्या रात्री पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. 'काकू, ह्या तोंडानं मी स्टेजवर कशी उभी राहू?' जाऊबाईंना वेगळीच धास्ती, 'तिकडच्यांना कळलं तर?' मी म्हटलं, कळू द्या, लपवून कसं चालेल? शेवटी पोरीनं स्वतःच मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मी तुला आधी बघितलं होतं तेव्हा तू सावळीच होतीस की.' बास, एवढंच. लग्न ठरल्या तारखेला झालं. डॉक्टरांनी जाड मेकअपला मनाई केली होती. मुंडावळ्यांखाली गाल लाल दिसत होते. तिकडच्या एका बाईंनी विचारलंच, 'तोंडाला काय झालंय गं?' ती म्हणाली, 'मलम लावलं होतं मावशी, त्यानं भाजलं. बरं होईल.' चेहरा पूर्ववत व्हायला पुढं वर्ष लागलं. पण आमच्या घरात त्या दिवशी तिच्याहून धीट कुणी नव्हतं.

आपण जैन बायका पाकिटावरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय बिस्कीट घेत नाही. लिपस्टिकमध्ये प्राण्याची चरबी नाही ना, हे विचारतो. विचारावंच. पण त्या ट्यूबनं आपल्याच कातडीला, आपल्याच पोरीच्या मनाला काय केलं, हे विचारायचं राहून जातं. अहिंसा मुंगीपासून सुरू होत असेल तर ती आरशापाशी येऊन का थांबावी?

कुणी म्हणेल, आपल्या बारा भावनांत अशुचि भावना आहेच की. देह अपवित्र आहे, त्यात गुंतू नका, असंच ती सांगते. मग देहाला नावं ठेवण्यात जाहिरातीचं काय चुकलं? मी यावर खूप विचार केला. अशुचि भावना सगळ्यांच्या देहाबद्दल बोलते. राणीच्या, दासीच्या, गोऱ्याच्या, काळ्याच्या, सगळ्यांच्या. ती कुणाला कमी लेखत नाही, कारण ती तुलनाच करत नाही. आणि ती काही विकतही नाही. जाहिरात मात्र म्हणते, तुझाच देह खराब आहे, शेजारणीचा चांगला आहे, आणि पैसे दिलेस तर तुझाही होईल. एकीनं ओझं उतरतं, दुसरीनं चढतं.

सनत्कुमार चक्रवर्तीची कथा आपण सगळ्यांनी प्रवचनात ऐकली आहे. त्याचं रूप बघायला देव आले तेव्हा त्याच्या अंगावर एकही दागिना नव्हता. देव थक्क झाले. राजा म्हणाला, आता काय बघता, मी दरबारात सजून बसेन तेव्हा या. ते आले, आणि हळहळले; म्हणाले, मघाचं रूप आता राहिलं नाही. ही कथा वैराग्यासाठी सांगतात, ते खरंच. पण मला त्यात आणखी एक दिसतं. रूप तर क्षणाक्षणाला उतरतंच, दागिन्यांनी ते थांबत नाही. आणि देवांना तो आवडला होता तो न सजलेला.

याचा अर्थ नटू नका असा मुळीच नाही. मला स्वतःला काजळ आवडतं, अबोलीचा गजरा आवडतो, सणाला नथ घालते. नटण्यात आनंद असतो. प्रश्न एवढाच की नटताना आपण स्वतःला मिरवतोय की लपवतोय? आणि 'या वयात काय नटतेस' असं म्हणणारी सासू आणि 'या वयातही तरुण दिसा' म्हणणारी जाहिरात, दोघी मला सारख्याच वाटतात. दोघींनाही माझं वय पसंत नाही. मी पन्नाशीनंतर केस रंगवायचं सोडलं, ते काही तत्त्व म्हणून नव्हे. डोक्याला खाज सुटायची म्हणून. पहिले चार महिने अर्धे पांढरे, अर्धे तांबूस केस घेऊन बस्तीत जायला धीर लागला. आमचे हे म्हणाले, 'तू आईसारखी दिसायला लागलीस.' मी म्हटलं, तुमच्या आई देखण्याच होत्या.

बाहेरही काही बदलतंय. 2009 साली चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' संस्थेनं 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम काढली, पुढं नंदिता दास तिच्या पाठीशी उभी राहिली. 2014 साली जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या परिषदेनं सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवू नका असा नियम केला. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं अंग संगणकावर बारीक किंवा जाड केलेलं असेल तर जाहिरातीत तसं छापावं लागतं. 2020 साली 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. शब्द बदलला, हे चांगलंच झालं. पण ट्यूबच्या नावातून जे गेलं ते आपल्या तोंडातून गेलंय का, हे बघायला कुठलीही परिषद येणार नाही. ते काम आपलं आपल्यालाच करावं लागेल.

आमच्या भिशीत आम्ही चौदाजणी आहोत. आत पाऊल टाकताच कुणीतरी म्हणायचं, 'अगो, किती सुटलीस!' नाहीतर 'काळवंडलीस की गं, बरं नाही काय?' माया म्हणूनच म्हणायच्या, पण ती जिला बोलायच्या तिचा पोह्यांचा घास घशात अडकायचा. म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक स्टीलचा डबा ठेवला. कुणाच्या अंगावरून, रंगावरून बोललं की दहा रुपये डब्यात. कौतुकाचंही तसंच, 'बारीक झालीस' म्हटलं तरी दहा रुपये. पहिल्या महिन्यात डब्यात 270 रुपये जमले आणि आम्हालाच लाज वाटली. मग गप्पांना विषय काय, असा प्रश्न पडला. पण सापडले विषय. कुणाच्या सुनेची परीक्षा, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एकीनं लिहायला घेतलेली आठवणींची वही.

गेल्या भिशीला डब्यात 30 रुपये निघाले. त्यातले दहा सगळ्यात थोरल्या मामींचे होते. त्यांनी आरशात बघून स्वतःलाच नाव ठेवलं होतं. त्यालाही दंड आहे, हे त्या दिवशी ठरलं.