पुढच्या वर्षी नक्की

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेतील अनुभव’ असा विषय सुचवला होता. माझ्या तासाला मुले जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, तीच येथे लिहितो. ती एका आइस हॉकीपटूची आहे. विदर्भातल्या आमच्या मुलांच्या लेखी बर्फ म्हणजे रसवंतीतला. त्यावर पायांना धारदार पाती बांधून कोणी हॉकी खेळते, यावर त्यांचा प्रथम विश्वासच बसत नाही.

1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. एम. ए.च्या काळात त्या पत्राने मला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे वळवले आणि त्याच वाटेवर, बऱ्याच वर्षांनी, विली ओरी हे नाव भेटले.

ओरीचा जन्म 1935 चा, कॅनडातील फ्रेडरिक्टन गावचा. तेरा भावंडांतला तो धाकटा. त्याचे पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटून आलेले. ज्युनियर गटात खेळत असताना पक, म्हणजे या खेळातली कडक रबरी चकती, त्याच्या उजव्या डोळ्यावर आदळली आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली. आता खेळणे विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. काही आठवड्यांतच तो पुन्हा बर्फावर उतरला, आणि डोळ्याची गोष्ट त्याने घरातल्या एखाद्या जवळच्या माणसाखेरीज कोणालाच कळू दिली नाही. एका डोळ्याच्या खेळाडूला नॅशनल हॉकी लीगचे दार नियमानेच बंद होते.

18 जानेवारी 1958 रोजी मॉन्ट्रियल येथे तो बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळला. त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. परंतु इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत मावणारा हा प्रसंग प्रत्यक्षात फक्त दोन सामन्यांचा होता. दोन सामने झाले आणि त्याला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये परत धाडले गेले. पुन्हा बोलावणे आले ते 1960-61 च्या हंगामात. त्या वेळी 43 सामने, 4 गोल. प्रेक्षकांच्या शिव्या होत्या, शिकागोत एका प्रतिस्पर्ध्याने काठीच्या टोकाने त्याचे पुढचे दात पाडले. पण तो टिकला. हंगाम संपल्यावर त्याला सांगण्यात आले की, पुढच्या वर्षी तू संघात आहेस. तो आनंदाने गावी गेला. काही आठवड्यांतच कळले की त्याला मॉन्ट्रियलच्या संघटनेकडे देऊन टाकले आहे. मॉन्ट्रियलने नुकताच सलग पाच वेळा स्टॅनली कप जिंकला होता; तेथे नवोदिताला जागा कुठली? तो पुन्हा खालच्या लीगमध्येच गेला.

येथे वर्गात हमखास हात वर होतात. ‘सर, काळा होता म्हणून काढलं ना?’ मुलांना सरळ उत्तर हवे असते आणि मला ते देता येत नाही. तेव्हा लीगमध्ये अवघे सहा संघ होते, गोलही थोडेच होते, आणि बॉस्टनच्या संघाविषयी स्वतः ओरी कटुतेने बोललेला नाही. पण म्हणून वर्णाचा प्रश्न निकालात निघतो, असेही मी मानत नाही. 1967 मध्ये संघ सहाचे बारा झाले, तरी ओरीला बोलावणे आले नाही; आणि पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, त्या लीगमध्ये आला तो 1974 मध्ये. उघड नकाराचा पुरावा इतिहासकाराला सापडतो. ‘पुढच्या वर्षी नक्की’ या गोड शब्दांचा पुरावा कुठे शोधायचा? जिल्ह्याच्या निवड चाचणीहून हेच शब्द घेऊन परतलेली मुले आपल्या वसतिगृहात मी दरवर्षी पाहतो. बॅग न उघडता ती पलंगावर बसून राहतात. आपल्यात काही कमी आहे की समोरच्याच्या मनात काही आहे, हे त्यांना ठरवता येत नाही. पराभवापेक्षा ही अवस्था अधिक पोखरणारी असते. पालकांनी हे लक्षात घ्यावे, म्हणून मुद्दाम लिहितो.

मला स्वतःला या कथेतला सर्वात मोलाचा भाग त्यानंतरचा वाटतो, जो सहसा कोणी सांगत नाही. ओरी नेहमी डाव्या बाजूने, लेफ्ट विंगला खेळे. त्या जागेवरून सारा खेळ उजवीकडे घडतो. म्हणजे नेमका त्याच्या निकामी डोळ्याच्या बाजूला. पक दिसावा म्हणून त्याला मान पूर्ण वळवावी लागे. पुढे लॉस एंजेलिस ब्लेड्स या संघात प्रशिक्षक आल्फ पाइक यांनी त्याला उजव्या बाजूला आणले. आता खेळ शाबूत डोळ्यासमोर होता. 1964-65 च्या हंगामात त्याने 38 गोल केले. खेळाडू तोच होता, डोळाही तोच होता.

पाटीवरचे दिसत नाही, ऐकू येत नाही, भाषा कळत नाही, पण विचारले तर आपल्याला घरी पाठवतील, या भीतीने गप्प राहिलेली मुले या शाळेने पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतले काही जण आज ही स्मरणिका वाचत असतील.

2018 मध्ये ओरीला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेही खेळाडू म्हणून नव्हे, खेळ घडवणारा म्हणून. त्याने वीस वर्षे लहान मुलांसाठी केलेल्या कामाबद्दल. 18 जानेवारी 2022 रोजी बॉस्टनने त्याचा 22 क्रमांक कायमचा राखून ठेवला. बॉस्टनने जाऊ दिल्यानंतरही तो छोट्या लीगमध्ये खेळतच राहिला होता. शेवटचा हंगाम 1978-79 चा. तेव्हा त्याचे वय 43 होते.