काळ्या खिडकीतली उधारी

फ्रीलान्सिंगचं एक दुखणं आहे. लेख वेळेवर जातो, पैसे मात्र आठवण केल्याशिवाय येत नाहीत. आणि आठवण करायला आधी आपल्याला आठवायला हवं ना! घरभाडं तोंडावर, खात्यात खडखडाट आणि चार वर्षांच्या नोंदी शेकडो टेक्स्ट फाइल्समध्ये विखुरलेल्या.

'ग्रेप मार की,' इंजिनीअर रूममेट म्हणाली.

'द्राक्षं?'

तिने माझ्या सेकंडहॅन्ड मॅकबुकवर टर्मिनल उघडलं. ती काळी खिडकी बघूनच मला धडकी भरते. ग्रेप, डॅश आर, मग 'बाकी' हा शब्द, फोल्डरचं नाव, एंटर. पापणी लवायच्या आत तो शब्द असलेली प्रत्येक ओळ फाइलच्या नावासकट हजर! त्यात 'बाकी सगळं मस्त'सुद्धा आलं, पण ते चालतंय.

हे ग्रेप बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सनने लिहिलं, १९७३मध्ये ते युनिक्समध्ये आलं. माझ्या कितीतरी आधीचं! वर्डच्या फाइलमधलं त्याला असं सरळ वाचता येत नाही. साध्या टेक्स्टमध्ये खरडायची माझी आळशी सवय अशी कामी आली.

तब्बल सात बिलं निघाली. एक तर दोन वर्षांपूर्वीचं! स्वतःचाच राग आला. विसरले होते असं नाही, मागायला लाजत होते.

सोमवारी सात मेल गेले. चौघांनी पैसे दिले, भाडं सुटलं. उरलेल्या तिघांना आता फोन करायचाय. त्यासाठी मात्र कमांड नाही, तोंडच उघडावं लागणार!