डागडुजीचा हिशेब

वय झालं की शरीर झिजायचंच, असं आपण सहज म्हणून जातो. पण झिजलेलं भरून काढणं हाच तर जिवंत असण्याचा धर्म. विळीवर कापलेलं बोट आठवड्यात भरून येतं, मोडलेलं हाड जुळतं, आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांना १९५७ मध्ये नेमकं हेच खटकलं. एका पेशीपासून अख्खा जीव घडवण्याची करामत ज्याला साधते, त्याला घडलेलं नुसतं राखणं का साधू नये?

म्हाताऱ्यांनी जागा रिकामी करावी म्हणून निसर्गाने मरण नेमलं, हे उत्तर जुनं आहे आणि मला ते कधीच पटलं नाही. रानात म्हातारपणापर्यंत पोचतंच कोण? उपासमार, थंडी, साथ, घार, कोल्हा यांतून सुटून थकेपर्यंत जगलेला उंदीर विरळाच. पीटर मेडावर यांनी १९५१ मध्ये लंडनच्या एका व्याख्यानात हाच धागा धरला. अपघातांनीच इतके जीव जातात, की उतारवयात जे बिघडतं त्यावर नैसर्गिक निवडीची नजर पोचतच नाही. त्याआधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी हंटिंग्टनच्या विकाराकडे बोट दाखवलं होतं. तो बहुधा तिशी-चाळिशीत डोकं वर काढतो. तोवर मुलं झालेली असतात आणि दोष काहींच्या अंगात उतरलेलाही असतो. (हेच हाल्डेन पुढे भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) विल्यम्स याच्याही पुढे गेले. तरुणपणी कामाला येणारं जनुक म्हातारपणी बाधलं, तरी निसर्ग ते राखूनच ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कल्पिलेलं उदाहरण कॅल्शियमचं होतं: तरुण हाडं भक्कम करणारं तेच पुढे धमन्या कडक करतं.

टॉम कर्कवूड यांनी १९७७ मध्ये याचा चोख हिशेब मांडला. पोटात जाणारा घास एकच, त्यात वाढ भागवायची, पिल्लं वाढवायची आणि डागडुजीही करायची. महिन्याभरात सोडायच्या भाड्याच्या घराला कोणी नवा गिलावा करत नाही. उंदराला लवकर मरण गाठतं, म्हणून त्याचं शरीर स्वतःवर फारसं खर्चतच नाही. त्याला पिंजऱ्यात सुखाने ठेवलं तरी दोन-तीन वर्षांत ते थकतं. उडून संकट चुकवणाऱ्या वटवाघळाला मात्र डागडुजी परवडते. सायबेरियात जेमतेम सात ग्रॅमच्या जातीतलं एक वटवाघूळ खूण केल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं.

हे सगळं कागदावर राहिलं असतं. पण स्टीव्हन ऑस्टॅड यांना व्हेनेझुएलात ओपॉसम या पोटपिशवीवाल्या प्राण्यांचा अभ्यास करताना काही महिन्यांपूर्वी धडधाकट असलेले प्राणी मोतीबिंदू होऊन, खंगून परत सापळ्यात येताना दिसले. पुढे ते अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सापेलो बेटावर गेले. काही हजार वर्षं मुख्य भूमीपासून तुटलेल्या या बेटावर ओपॉसमांना खाणारी मोठी जनावरं नाहीत. तिथल्या माद्यांना एका वेताला पिल्लं कमी होत आणि त्या जगत जास्त. ऑस्टॅड यांनी त्यांच्या शेपटीतल्या कंडरांचे तंतू तपासले. वयाबरोबर हे तंतू ताठर होत जातात. बेटावरच्या प्राण्यांत ते सावकाश ताठरत होते. भय सरलं तसं म्हातारपण लांबलं, आणि ते चक्क एका तंतूत मोजता आलं! जीवशास्त्रातल्या मला ठाऊक असलेल्या प्रयोगांत हा सर्वांत सुंदर.

आपल्या सह्याद्रीतली कारवी याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. वर्षानुवर्षं नुसती वाढते, मग सातव्या-आठव्या वर्षी अख्खे उतार जांभळे करून फुलते, सगळं बियांत ओतते आणि वाळून जाते. स्वतःसाठी काहीच मागे ठेवत नाही.

माझ्या आईच्या पंजावरची कातडी चिमटीत धरली की तिची घडी क्षणभर तशीच उभी राहते, खालच्या निळसर शिरा उठून दिसतात. तिने स्वतःकडे लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं, असं लोक तिला ऐकवतात तेव्हा मला राग येतो. तिच्या देहाने केलेला हा हिशेब तिच्या कितीतरी आधी ठरलेला होता.

पण मग पाळी गेल्यावरही बायका पुढे काही दशकं का जगतात? क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाझा लोकांत पाहिलं, की वयस्क बायका कडक जमिनीतून कंद खणून आणतात. आई तान्ह्यात गुंतली की वरच्या मुलाचं पोट आजीच्या कंदांवर भरतं. नातवंडं तगली तर आजीची जनुकंही तगतात, आणि निवडीची नजर आजीवर आणखी काही वर्षं टिकून राहते. यावर वाद आहेत. शिकार आणणाऱ्या बापाचं श्रेय किती धरायचं, यावर एकमत नाही. मी आजीच्या बाजूची आहे. शिकार मिळेल त्या दिवशी मिळते, कंद रोज खणून आणता येतो.