हर्णैच्या किनाऱ्यावरील माश्या

न समजतां नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्यास मी वर्गांत नेहमीं म्हणत असें, "ही तर मक्षिकास्थाने मक्षिका!" तोच दोष उतारवयांत माझ्या पदरीं यावयाचा होता.

गेल्या मार्गशीर्षांत हर्णैजवळ धाकट्या बहिणीकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग, उन्हें कलल्यावर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, आणि एका अंगास सुकत घातलेली मासळी. घरांत मात्र माश्यांनीं उच्छाद मांडला होता. "ह्या सगळ्या त्या वाळवणांवरून येतात, मामा," असें म्हणून भाच्यानें कोळणींविरुद्ध पंचायतीस द्यावयाचा अर्ज मजकडून लिहून घेतला. मींही त्यांत दोन भारदस्त संस्कृत शब्द घातले.

बारा वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, त्याच माश्या कशावरून?" मला उत्तर सुचेना. तेव्हां सकाळीं तिचा मोबाइल घेऊन आम्ही दोघें किनाऱ्यावर गेलों. एका वृद्ध कोळणीनें आम्हांस वाळवणाशीं बसूं दिलें आणि हंसून विचारलें, "माश्यांचे कसले फोटो काढतां, गुरुजी?" अर्ज माझ्या खिशांत होता. मीं मान खालीं घातली.

माशीचें चित्र एक घेऊन भागत नाहीं. एक वरून, एक बाजूनें आणि एक तोंडाकडून असें घ्यावें. ती उडाल्यावर त्याच जागीं नाणें ठेवून आणखी एक घ्यावें, म्हणजे आकार कळतो. पंख दोनच आहेत ना, हें प्रथम पाहावें. माशीच्या मागच्या पंखांच्या जागीं इवल्या मुद्गरासारखे दोन अवयव असतात. उडतांना तोल सांभाळण्याचें काम ते करतात.

घरीं येऊन आम्हीं चित्रें मोठीं करून पाहिलीं. मासळीवरील बहुतेक माश्या थोराड, निळ्या-हिरव्या धातूसारख्या चकाकणाऱ्या आणि मोठ्या तांबूस डोळ्यांच्या होत्या. फाब्रिसियसनें 1794 मध्यें वर्णिलेली 'क्रायसोमिया मेगासेफाला' ती हीच असावी. कांहीं करड्या होत्या. त्यांच्या पाठीवर तीन काळे पट्टे व पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन होते. ह्या मांसमाश्या. परंतु त्यांची नेमकी जात छायाचित्रावरून सांगणें धाडसाचें. त्यासाठीं नराचे सूक्ष्म अवयव भिंगाखालीं तपासावे लागतात.

मग स्वयंपाकघरांतील माश्या टिपल्या. त्या लहान, करड्या आणि पाठीवर चार पट्टे असलेल्या निघाल्या. ही लिनियसनें 1758 मध्यें नांव दिलेली घरमाशी. शेण आणि कुजका कचरा हें तिचें आवडतें सूतिकागृह. उष्ण हवेंत आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते. नात कांहीं न बोलतां गोठ्यामागच्या उकिरड्याकडे पाहूं लागली. तेथें अळ्या वळवळत होत्या.

मासळीवरची माशी घरांत कधींच येत नाहीं, असें नव्हे. परंतु आमचा उपद्रव मुख्यतः आमच्याच अंगणांत जन्मत होता. एका माशीच्या जागीं दुसरी बसवून मीं गरीब बायांच्या पोटावर पाय देण्याचा मसुदा सुवाच्य अक्षरांत लिहिला होता!

अर्ज मीं फाडला. भाचा प्रथम रुसला, पण त्यानें उकिरडा घरापासून दूर हलविला आणि तो मातीनें झांकूं लागला. माश्या पुरत्या गेल्या नाहींत, तरी पुष्कळ उणावल्या, असें बहीण कळविते. निघण्यापूर्वीं मीं त्या कोळणीस चित्रें दाखविलीं. अर्जाचीही कबुली दिली. ती एवढेंच म्हणाली, "मग आतां आमची मासळी झांकायला कांहीं सुचवा, गुरुजी." बारीक विणीची जाळी घालावी, असें मीं सांगितलें. प्रायश्चित्त म्हणून पहिल्या जाळीचे पैसे मींच दिले.